प्रमाण दिलेले नाही

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली. मग वरून परिपत्रके आली, आणि वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयातही भरडधान्याच्या पाककृतींची स्पर्धा झाली. मी मराठी शिकवतो. स्वयंपाकाशी माझा संबंध जेवण्यापुरता. पण प्रवेशिका लेखी मागवल्या होत्या, तेव्हा भाषा तपासायला कोणीतरी हवे म्हणून मला परीक्षकांत घेतले.

प्रवेशिकांत एक कागद होता. वहीतून फाडलेला, रेघांचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, मालेगाव तालुक्यातल्या एका गावाहून एस.टी.ने येणारी मुलगी. तिने लिहिले होते : 'ज्वारीच्या कण्या. साहित्य : ज्वारी असेल तेवढी. पाणी माणसे पाहून. मीठ. ताक मिळाले तर.' पुढे तीन ओळींची कृती : ज्वारी जाडसर भरडावी, पीठ चाळून भाकरीला ठेवावे, कण्या पाखडून धुवून आधणात सोडाव्या, लाकूड ओढून घेऊन निखाऱ्यावर राहू द्याव्या.

पहिले बक्षीस ज्वारीच्या केकला मिळाले. या कागदावर लाल शाईने शेरा पडला : 'प्रमाण दिलेले नाही.' त्या शेऱ्याखाली तीन सह्या आहेत. तिसरी माझी आहे.

सही करताना मला काहीच वाटले नाही, हे आधी सांगून टाकले पाहिजे. त्या रात्री घरी जेवायला बसलो तेव्हा आईने वरणात पाणी वाढवले. पुतणे अचानक आले होते. तिने कोणाला विचारले नाही, कशाने मोजले नाही, दाराकडे पाहिले आणि तांब्या कलता केला. तेव्हा मला तो कागद आठवला. 'पाणी माणसे पाहून' हेच तर प्रमाण होते. ते दिलेले होते. मला वाचता आले नव्हते. पंधरा वर्षे साहित्य वाचणाऱ्या आणि दहा वर्षे ते शिकवणाऱ्या माणसाला, आणि तेही स्वतःच्या घरची भाषा.

आज पाककृती हा फार वाचला जाणारा मजकूर आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, दूरचित्रवाणीवर, 'आजीच्या हातची चव', 'आईच्या हातचा गरम घास', 'जिवाला बरे वाटणारे जेवण' असे मथळे असतात. घरातल्या सगळ्यांनी रात्री एकत्र बसून जेवावे, जुन्या कृती एकमेकांना सांगाव्या, असा या लिखाणाचा आग्रह असतो. त्यात वाईट काही नाही. मात्र साहित्याची समीक्षा करणाऱ्यांनी या मजकुराकडे कधी मजकूर म्हणून पाहिले नाही. कादंबरीच्या निवेदकाची जात आपण शोधतो, कवितेच्या प्रतिमेमागचा वर्ग शोधतो. पण 'दोन वाट्या तांदूळ, पाव वाटी तूप' या वाक्याचा निवेदक कोण, आणि तो कोणाशी बोलतो आहे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१०चे, हजार पाकक्रियांचे. आणि १९७० साली आलेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा', ज्याच्या प्रती महाराष्ट्रातल्या घराघरांत गेल्या. कमलाबाईंविषयी मला आदर आहे, आणि तो राखूनच पुढचे लिहितो. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. तोळे, शेर, तराजू बाजूला सारून त्यांनी वाटी आणि चमचा हे माप धरले. सासू-आईपासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीला हे माप हाताशी होते. एका शहाण्या बाईने दुसऱ्या अनोळखी बाईला केलेली ती मदत होती, आणि मराठी स्त्रीच्या ज्ञानव्यवहारात तिला मोठे स्थान आहे.

पण वाटी मापाला घ्यायची तर ती भरावी लागते. वाटीने मोजणारी बाई डब्यापासून सुरुवात करते. डब्यात आहे, त्यातून किती घ्यायचे एवढाच तिचा प्रश्न. माझी आई सुरुवात माणसांपासून करते. माणसे ठरलेली आहेत, धान्यही ठरलेले आहे, हाताशी फक्त पाणी आहे. त्याच ज्वारीच्या घट्ट कण्या होतात, पातळ कण्या होतात, आणखी माणसे आली तर आंबील होते. छापील पुस्तकात हे तीन वेगळे पदार्थ, तीन वेगळ्या पानांवर येतील. आमच्या घरी तो एकच पदार्थ आणि त्याचे तीन दिवस.

आता 'ताक मिळाले तर' याकडे पाहू. त्या मुलीच्या चार ओळींत मला हे सर्वांत मोठे वाक्य वाटते. ताक विकत घ्यायची वस्तू नव्हती. ज्याच्या घरी दुभते त्याच्या घरी ते घुसळणीच्या दिवशी उरे. आमच्या आज्या-पणज्या गंज घेऊन त्या घराच्या पायरीखाली उभ्या राहत. वरून धार सोडली जाई, भांड्याला भांडे लागू नये अशा बेताने. मिळाले तर मिळाले. त्या दिवशी मालकिणीचे मन कसे आहे, आदल्या दिवशी निंदणाला कोण गेले नव्हते, घरातले कोण सभेला गेले होते, यावर ते ठरे. म्हणजे ताकाचे प्रमाण गावाच्या हातात होते. 'ताक मिळाले तर' या तीन शब्दांत गावगाडा आहे. त्या मुलीला हे ठाऊक असेल की नाही, मला सांगता येत नाही. तिने आजीकडून ऐकले तसे उतरवले असेल. आता तिच्या घरी ताक पिशवीतून येते, तरी कृतीत ते 'मिळाले तर'च राहिले आहे.

दलित आत्मकथनांचे वाचन आपण अशा नजरेने केलेले नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा मेलेल्या जनावराच्या वाटणीची आणि वाळवलेल्या चान्यांची पाने वाचून पांढरपेशा वाचकाला धक्का बसला, आणि आपल्या समीक्षकांनी त्या धक्क्याचीच मोजदाद केली. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) संतामाय शेणातली ज्वारी धुऊन, वाळवून, दळून तिची भाकरी करते. त्या भाकरीला शेणाचा वास येतो हेही पोरगा खाऊन पाहून सांगतो. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः, १९८६ साली पुस्तकरूपाने) साथीत मेलेल्या जनावरांच्या मांसाची वर्णने आहेत आणि ओल्या बाळंतिणीच्या उपाशी पोटाची आहेत. या सगळ्या कृतीच आहेत. निवडणे, धुणे, वाळवणे, साठवणे, नासलेले कोणते आणि खाण्याजोगे कोणते हे ओळखणे, यांतल्या प्रत्येकामागे ज्ञान आहे, आणि ते बहुतेक बायकांचे आहे. आम्ही मात्र तिथे दुःख वाचले, विद्रोह वाचला, आणि कसब वगळले. संतामायला ज्वारी शेणातून वेगळी काढता येते, हे वाक्य एकाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मला आजवर भेटलेले नाही. मी वर्गात ते शिकवले असते तर भेटले असते.

ही उणीव भरून काढणारे पुस्तक शाहू पाटोळे यांनी २०१५ साली लिहिले : 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. जेवणाआधीच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला एक 'अ' लावून त्यांनी आपली भूमिका नावातच सांगितली. पाटोळे धाराशिव जिल्ह्यातले, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या मराठवाड्यातले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन जातींच्या खाण्याचे हे पुस्तक. त्यात कृती आहेत, आणि कृतींच्या जोडीने धर्मग्रंथांतल्या आणि संतवाङ्मयातल्या अन्नविचाराची झाडाझडती आहे. सात्त्विक, राजस, तामस ही अन्नाची वर्गवारी माणसांच्या वर्गवारीला कशी जाऊन मिळते, हे पाटोळे आडपडदा न ठेवता मांडतात. तुपाचा थेंब नाही, तेल नावापुरते, मसाला घरात असेल तो, अशा स्वयंपाकाला त्यांनी पुस्तकात जागा दिली, तीही क्षमा न मागता. पाककृतीच्या आत जात आणून बसवणे हे काम मराठीत इतक्या सविस्तर त्यांच्याआधी कोणी केलेले मला माहीत नाही. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसह 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका केली होती. भारतीय ताट म्हणून जे दाखवले जाते त्यात कोणाचे ताट नाही, असा तिचा प्रश्न होता. ती वर्गातून निघालेली पुस्तिका आहे, हे आम्हा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे.

पाटोळे यांचे पुस्तक भूषण कोरगावकर यांच्या अनुवादाने २०२४ साली इंग्रजीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यानंतर जे लेख माझ्या वाचनात आले त्यांत चर्चा बहुधा पदार्थांची होती : वेगळी चव, न ऐकलेली नावे, काहीही वाया न घालवण्याची वृत्ती. संतवाङ्मयाची चिकित्सा बाजूला पडली. पुस्तकाचे दोन पाय होते, समारंभात त्यांतल्या एकालाच खुर्ची मिळाली. याचा दोष लेखकाकडे जात नाही. काहीही वाया न घालवणे ही ज्यांना 'वृत्ती' वाटते, त्यांनी ती एकदा भाकरीच्या पाटीसमोर रांगेत उभे राहून तपासून पाहावी.

एक तक्रार मात्र लेखकाकडेही आहे, आणि ती करताना मी त्यांच्याच पंगतीत बसलेलो आहे. पाटोळे पुरुष आहेत, मीही. आम्ही दोघे परातीच्या अलीकडच्या बाजूचे. आम्हाला ताटात आले ते आठवते. उलट्या बाजूने दिसणारा हिशेब आम्ही कल्पनेने भरतो. आमच्या घरी रात्रीचे जेवण हेच एक गरम जेवण. दिवसभर निंदण-खुरपण करून बायका दिवेलागणीला येत, मग चूल पेटे. सगळे एकत्र बसत हे खरे. बाप, आजा, आम्ही पोरे. आई एकत्र बसत नसे. ती शेवटी बसे, आणि टोपल्यात काय उरले यावर 'आज भूक नाही' हे ठरे. कुटुंबाच्या सहभोजनाची जी गोड चित्रे छापून येतात, त्यांत ही बाई कुठे बसली आहे ते पाहावे. बेबीताई कांबळे यांचे पुस्तक या बाबतीत आम्हा सर्व पुरुषांच्या पुढे आहे. त्यांनी उपाशी सुनेला मध्यभागी आणले.

हा सगळा विचार डोक्यात घोळत असताना मी एक वही घेतली. त्या मुलीची क्षमा मागितली (ती संकोचून 'काही नाही सर' म्हणाली, आणि पुढे आठवडाभर माझ्या तासाला बसली नाही), आणि वर्गापुढे प्रस्ताव ठेवला : घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून कृती लिहून आणा. सांगतील त्या शब्दांत. वाटी-चमचा करू नका.

मुलांनी आणले. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, आलण, डाळीचे गोळे, तरोट्याची भाजी. तांड्यावरून येणाऱ्या मुलांनी त्यांच्या गोरमाटी बोलीत आणले. तरोटा पहिल्या पावसानंतर बांधावर, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो. कोवळा असतानाच खुडायचा, उकळून कडू पाणी पिळून टाकायचे, मग कांदा-मिरचीवर परतायचा. ज्याला मालक नाही असा पाला, म्हणून तो आमचा. आषाढात घरातले दाणे संपत आलेले असत तेव्हा तोच आधार. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागांत गेल्या तीसेक वर्षांत ज्वारी मागे हटली आणि शिवारे सोयाबीनने भरली. सोयाबीनवर तणनाशक मारतात. तरोटा, चिवळ, घोळ, काटेमाठ ही त्या फवाऱ्याच्या लेखी तणे. एका मुलीने कृतीखाली लिहिले होते : 'आजी म्हणते आता बांधावरचा आणू नको, औषध मारलेले असते.' मी त्या कागदावर शेरा मारला नाही.

आणि ज्वारी? पूर्वी मजुरी दाण्यांत मिळे. पायलीत फसवणूक होई, पण भाकर घरात येई. मजुरी रोख झाली, रेशनवर गहू-तांदूळ आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो स्वस्त झाला, २०२३पासून मोफत. त्याने भूक हटली, आणि हे मी हलक्याने म्हणत नाही. भुकेच्या आठवणी काढत हळहळणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. पण ज्वारीची भाकर आमच्या वस्तीत आता रोजची राहिलेली नाही. ती विकत घ्यावी लागते, आणि चांगली ज्वारी गव्हाला मागे टाकते. आमच्या ताटातून उठून ती 'श्री' झाली.

आईने मला मिलोची कृती सांगितली. १९७२च्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा नसे, भाकर थापताना कडा फाटत. म्हणून गरम पाण्यात पीठ उकडून घ्यायचे आणि हाताला पाणी लावून लहान भाकर करायची, मोठी केली की तव्यावर टाकतानाच मोडे. कामावर सुकडी मिळे. 'सुकडी गोड लागे,' आई म्हणाली, आणि हसली. तिची भावंडे त्या सुकडीसाठी खडी फोडणाऱ्या आईच्या मागे लागत. मी हे लिहून घेत होतो तेव्हा आजी भिंतीला टेकून ऐकत होती. आजी ऐंशीच्या पुढची आहे. मी तिला विचारले, चान्या कशा करत होत्या?

आजी काही बोलली नाही. मी पुन्हा विचारले. मला वाटले तिला ऐकू आले नाही.

"कायले लिहतं ते?" ती म्हणाली. "जे सोडा म्हून बाबासायबानं सांगतलं, ते तू लिहून ठेवतं? सोडलं ते सोडलं."

आजा १९५६ साली नागपूरला गेला होता. तो परत आला त्या दिवशी आजीच्या सासूने वळणीवरचे सगळे काढले आणि ज्यात शिजत असे ते गाडगे उकिरड्यावर नेऊन फोडले. आजी तेव्हा सोळा वर्षांची, नवी सून. हे तिने सांगितले. गाडगे कसे फोडले ते सांगितले. त्यात काय आणि कसे शिजत होते ते सांगितले नाही.

मला तिचा थोडा राग आला, हेही लिहितो. माझ्यापाशी युक्तिवाद तयार होते. लिहून ठेवले नाही तर उद्या कोणीतरी म्हणेल, असे काही नव्हतेच. अन्नाचा इतिहास हा जातीचा पुरावा आहे. लाज आपल्याला का वाटावी, ज्यांनी खायला लावले त्यांना वाटावी. हे सगळे मी वर्गात बोलतो आणि ते खरेही आहे. पण आजीच्या बोलण्यात लाज नव्हती, हे मला उशिरा कळले. तिथे अभिमान होता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे सोडा असे सांगितले. त्यासाठी कित्येक घरांनी काय सोसले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. फुकटचे मांस सोडले म्हणजे त्या दिवशीचे जेवण सोडले. मेलेले ढोर ओढायला नकार दिला म्हणजे गावाचा रोष घेतला. त्या नकारातले कष्टही स्वयंपाकघरातलेच होते, आणि बायकांचेच. चान्यांऐवजी कोरड्यास काय, हा प्रश्न चुलीपुढे बसलेल्या बाईला रोज संध्याकाळी सोडवावा लागला. ती कृती कोणी मागितली? मीही मागितली नव्हती. मला चान्याच हव्या होत्या.

इथे एका गल्लतीविषयी बोलणे भाग आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा अंमलात आला. १९७६च्या कायद्याने गाईपुरती असलेली बंदी बैल आणि वळूंपर्यंत गेली. तेव्हा आमच्या शिक्षककक्षात एक सहकारी म्हणाले, "तुमच्या बाबासाहेबांनीही सोडायलाच सांगितले होते, मग तुम्हाला अडचण काय?" मी तेव्हा नवा होतो, गप्प राहिलो. त्याचे उत्तर आता देतो. माझ्या आजीच्या सासूने गाडगे फोडले ते आपल्या हाताने. कोणी पोलीस दारात उभा नव्हता. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते त्या मांसाला बांधलेली गावकी सोडवण्यासाठी. आणि त्याच बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये प्राचीन काळी ब्राह्मणही गोमांस खात होते हे ग्रंथांच्या आधाराने दाखवले. आपण होऊन सोडणे आणि दुसऱ्याने हिरावणे या दोन गोष्टींना एकाच ताटात वाढणाऱ्याला आपण काय वाढतो आहोत हे चांगले ठाऊक असते.

पण आपल्याही बाजूने एक प्रश्न आहे, आणि तो मी आपल्या लेखकांना व संशोधकांना विचारतो. दलितांचे अन्न म्हटले की आपण चान्या, रक्ती, वजडी, शिळी भाकर यांकडेच का वळतो? बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीरदान होते. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून वस्तीतल्या घराघरांतून दूध, तांदूळ, साखर गोळा होते आणि मोठ्या गंजात खीर शिजते. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून देतात. चौदा एप्रिलला भोजनदान असते : वांगे-आलूची भाजी, पोळ्या, भात-वरण, बुंदी. ज्यांना पंगतीत बसू दिले नाही त्यांनी सगळ्यांसाठी मांडलेली ही पंगत. आमच्या मुलांच्या जिवाला बरे वाटणारे अन्न हेच आहे. परगावी नोकरीला गेलेला माझा भाऊ फोनवर खिरीची आठवण काढतो, चान्यांची त्याला माहितीही नाही. या खिरीला 'दलित अन्न' म्हणून कोणत्या पुस्तकात किती पाने मिळाली? आपल्या वाङ्मयानेच आपल्याला भुकेत आणि ओढलेल्या ढोरापाशी थांबवून ठेवले की काय, असे कधी कधी वाटते. मग लगेच दुसरे मन म्हणते, ती पाने लिहिली गेली नसती तर त्या खिरीचा अर्थ तरी कोणाला कळला असता? माझे या बाबतीत अजून एक मत झालेले नाही.

वहीसाठी आम्ही वर्गात नियम केला. आधी विचारायचे : लिहू का? हो म्हटले तरच लिहायचे. नाही म्हटले तर पान फाडायचे नाही. पदार्थाचे नाव आणि खाली 'सांगणारीने सांगितले नाही' एवढेच लिहायचे. हा नियम मी सुचवला नाही. तो त्या कण्या लिहिणाऱ्या मुलीने सुचवला. ती तासाला परत येऊ लागली होती. तिचा तो रेघांचा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे, शेऱ्यासकट, सह्यांसकट. लाल शाई काढून टाकावी असे दोन मुलांचे म्हणणे होते. ती म्हणाली, राहू द्या.

अशी कोरी पाने वहीत नऊ झाली आहेत. त्यांतले एक माझ्या आजीचे. तिने मागच्या महिन्यात ते पान मला उघडून दाखवायला लावले. तिला वाचता येत नाही. मी काय लिहिले आहे ते सांगितले. "नाव बी खोड," ती म्हणाली. मी खोडतो म्हणालो, आणि अजून खोडलेले नाही.

हा लेख पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला. बराच वेळ ती आपला पदर चाचपत बसली. छापू नको असे म्हणाली नाही. "माहं नाव टाकू नको," एवढेच म्हणाली, आणि आईला विचारले की आज जेवायला किती जण आहेत.